भाडं किती ते नंतर, हातात किती ते आधी

प्रश्न : बरीच वर्षं साठवलेली रक्कम आहे. एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा असं मनात आहे. सौदा परवडतो की नाही हे आधी कसं कळणार?

कागद-पेन्सिल घ्या. सोयीसाठी घराची किंमत 10,000 धरू. नोंदणी, दलाली, रंगरंगोटी, पंखे-नळ यांत आणखी 800 जातात, म्हणजे घर पडलं 10,800 ला. महिन्याचं भाडं 35. विकणारा सांगेल, वर्षाचे 420 झाले, 4.2 टक्के सुटतात! आता वर्षातला एक महिना घर रिकामं धरा (दरवर्षी राहीलच असं नाही, पण भाडेकरू बदलताना राहतंच). उरले 385. मालमत्ता कर, देखभाल, विमा, किरकोळ दुरुस्त्या यांचे 85 वजा करा. उरले 300. त्याला 10,800 ने भागलं की पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येतं, आणि त्यावरचा प्राप्तिकर अजून बाकीच आहे. पुढेमागे किंमत वाढेल, पण तो पैसा घर विकल्यावरच दिसतो. निव्वळ त्या भरवशावर हिशेब जुळवत असाल, तर मी त्याला जुगार म्हणेन.

प्रश्न : कर्ज काढलं तर भाड्यातून हप्ता निघेल ना? सगळे तसंच सांगतात.

सांगणाऱ्यांना एकदा त्यांचा हप्ता विचारा. वरच्याच घरावर 8,000 कर्ज, दर 9 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो 72. खर्च वजा जाता भाड्यातले हातात पडतात 25. उरलेले 47 दर महिन्याला तुमच्या पगारातून. पहिल्या हप्त्यातले 60 तर नुसतं व्याज, मुद्दल फिटतं 12. पाच वर्षांत 4,320 भरल्यावर मुद्दल उतरतं जेमतेम 900. व्याजाचा दर घराच्या निव्वळ उत्पन्नापेक्षा जास्त असला, की जितकं कर्ज मोठं तितका खिशाला ताण. उलट, जिथे निव्वळ भाडं व्याजाला पुरून उरतं तिथे हेच कर्ज फायद्याचं ठरतं. म्हणून आधी ही आकडेमोड, मग बँक.

प्रश्न : बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज मात्र चालू. पहिल्याच खरेदीला मी बांधून पूर्ण झालेलं घर घ्यायला सांगेन. पण तेही डोळे उघडे ठेवून. माझ्या पहिल्या घरात एकाच भिंतीला ताजा रंग होता. मला वाटलं, मालक हौशी दिसतोय! पहिल्याच पावसात त्या भिंतीवर परातीएवढा डाग उमटला. वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर गळत होतं. भाडेकरू दोन महिन्यांत सोडून गेला आणि दुरुस्तीत सहा महिन्यांचं भाडं गेलं. तेव्हापासून घर बघायला गेलो की न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला आणि खिडकीखालच्या कोपऱ्याला हात लावून बघतो. सगळे नळ एकदम सोडतो. जिन्यात भेटेल त्या शेजाऱ्याला विचारतो, "पाण्याचं कसं आहे हो इथे?" दलालापेक्षा खरं उत्तर तिथे मिळतं.

प्रश्न : भाडेकरू चांगला वाटतोय, पण 5 टक्के कमी करा म्हणतो.

करा. 35 चे सव्वातेहतीस झाले, वर्षाला 21 चं नुकसान. अडून बसलात आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर 35 गेले. मात्र 'चांगला वाटतोय' एवढ्यावर थांबू नका. पगाराचा पुरावा बघा आणि त्याच्या आधीच्या घरमालकाला फोन करा. सध्याच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. सध्याच्याला तो एकदाचा जायला हवा असेल, तर कौतुकच ऐकायला मिळेल.

प्रश्न : मावसभावालाच राहायला देतोय. करार कशाला?

मावसभाऊ आहे म्हणूनच. भाडं, मुदत, अनामत, नोटीस, दुरुस्ती कोणाकडे, एवढं तरी लिहून सह्या करा.

प्रश्न : एवढा व्याप झेपणार नाही. 'रीट' (अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मालमत्तांत गुंतवणारा ट्रस्ट) घेतलं तर?

अवश्य विचार करा. 1960 साली अमेरिकेत कायद्याने सुरू झालेला हा प्रकार आता बऱ्याच देशांत आहे. मोठी कार्यालयं, मॉल, गोदामं यांच्या भाड्यात तुमचा छोटा वाटा असतो, आणि वाटपयोग्य उत्पन्नाचा मोठा भाग, अनेक ठिकाणी किमान 90 टक्के, गुंतवणूकदारांना द्यावाच लागतो. शेअर बाजारात विकता येतं, त्यामुळे भावही रोज वरखाली होतो. पण रात्री साडेअकराला "काका, गीझर बंद पडलाय" असा फोन येत नाही.