मोडी फक्त वाचायची आहे, लिहायची नाही. तरी गिरवावी लागेल का?

आजोबांच्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद निघालेत, ते तुम्हाला फक्त वाचायचेत, मग लिहिण्यात वेळ का घालवायचा आणि वाचता यायला किती दिवस लागतील, असं तुम्ही विचारलंय. लिहावं लागेलच. भिंतीवर तक्ता लावून नाहीतर मोबाइलवर अक्षरांची कार्डं सरकवून मोडी येत नाही. हे मी ठासून सांगते, कारण याच मुद्द्यावर माझं आणि चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, चांगलंच वाजलं होतं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, जो तो जुने कागद उकरायला लागला, तेव्हा आमच्याही गावच्या घरातलं दप्तर माळ्यावरून खाली आलं. दादाने आणि मी मोडी बरोबरच शिकायला घेतली. दादाची पद्धत कार्डांची. लोकलमध्ये उभ्या उभ्या कार्डं बघायचा आणि सुटं अक्षर दाखवलं की माझ्याआधी ओळखायचा. मी दुरेघी वहीत लिहीत बसायचे. "तुला काय चिटणीस व्हायचंय का?" असं तो सगळ्यांदेखत म्हणायचा आणि घरच्यांना त्याचंच पटायचं.

मग पणजोबांच्या वेळचं खरेदीखत उघडलं. त्यात झाडांचा उल्लेख होता, तो दादाने 'धावरील आंबे' असा वाचला आणि धावरील हे कुठल्यातरी ठिकाणाचं नाव असणार असं ठरवून टाकलं. असं ठिकाण गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ट्रेसिंग पेपर ठेवून ती ओळ, वरच्या ओळीसकट, कारकुनाच्या वळणाने उतरवायला घेतली. वरच्या ओळीच्या टोकाला जागा संपल्यामुळे दाबून लिहिलेलं काहीतरी होतं. दादाने त्याची दोन अक्षरं केली होती आणि लागत नाही म्हणून सोडून दिली होती. माझा हात त्यावरून गेला तेव्हा लक्षात आलं की अक्षराच्या तळाशी बोरू, म्हणजे कारकुनाची लेखणी, थांबलेलाच नाही, तिथूनच वळसा घेऊन शिरोरेघेकडे चढलाय. काना होता तो. एकच अक्षर, 'बा'. अनुस्वार कारकुनाने दिलाच नव्हता आणि ओळ संपली तिथे शब्द तोडला होता. बांधावरील आंबे! पूर्वेच्या बांधावरची झाडं कुणाची, यावरून आमच्या भाऊबंदकीत दोन पिढ्या धुसफूस चालली होती.

तक्त्यातलं अक्षर स्वच्छ आणि सुटं असतं, दप्तरातलं तसं नसतं. शिरोरेघ आधीच पानभर ओढलेली, शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि होता होईल तो हात न उचलता लिहीत नेलेलं. बोरू शाईत बुडवला की अक्षरं ठसठशीत येतात, पुढे फिकट होत जातात. नवखा माणूस ठसठशीत दिसलं की तिथून नवा शब्द धरतो, पण बोरू शब्दाच्या मधेही बुडवलेला असतो. अशा वेळी आकार नुसते पाठ असून भागत नाही. बोरू कुठून आला आणि कुठे निघाला हे कळावं लागतं आणि ते लिहिणाऱ्या हातालाच कळतं.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ४२ प्रौढांना अरबी अक्षरं शिकवली, तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी हाताने लिहिली, काहींनी टाइप केली, काहींनी फक्त व्हिडिओ पाहिले. अक्षरं शेवटी सगळ्यांनाच ओळखता आली, पण लिहिणाऱ्यांना ती लवकर आली, आणि न शिकवलेले शब्द वाचण्यातही तेच पुढे राहिले. दादा म्हणाला, अरबीचं वेगळं. अरबीही जोडूनच लिहितात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, टाइप करून सराव करा, असंही कुणीतरी तुम्हाला सांगेल. फॉन्टमधला 'क' दर वेळी तंतोतंत तोच. आपल्या वेड्यावाकड्या हाताने लिहिलं की एकाच अक्षराची दहा रूपं नजरेखालून जातात, मग कारकुनाचं अकरावं रूप परकं वाटत नाही. शिरोरेघ आधी ओढा, मग खाली अक्षरं काढा, काढताना मोठ्याने म्हणा. सुटी मुळाक्षरं लवकर उरका आणि बाराखडीवर वेळ घाला, खरा घोळ तिथे होतो.

आता, लिहिण्याने सगळंच सुटतं असं नाही. 'रा॥' म्हणजे राजश्री, 'मु॥' म्हणजे मुक्काम, सुहूर सन ही जुन्या कागदांतली कालगणना, फारसी शब्द, हे सगळं वेगळं शिकावं लागतं. शिवकालीन वळण वेगळं, पेशवाईतलं वेगळं. तुमचे कागद आजोबांच्या वेळचे असतील तर ते आंग्लकालीन, त्याच काळाच्या कागदांवर सराव करा. आणि जमिनीचा प्रश्न असेल तर स्वतःच्या वाचनावर विसंबू नका, जाणकार मोडी वाचकाकडून रीतसर लिप्यंतर करून घ्या.

दिवसांचं म्हणाल तर रोज लिहिलंत तर अक्षरओळख काही आठवड्यांत होईल, सलग कागद लागायला मात्र महिने जातात. दादाला अजून सलग ओळ लागत नाही. तो फोटो काढून मला पाठवतो.