‘डाउट’ म्हणजे शंका, पण कोणती?

प्रश्न : परदेशातील एका सहकाऱ्याने आपला आराखडा समजावून सांगितल्यावर ‘आय हॅव अ डाउट’ असे म्हणून मी एक साधा प्रश्न विचारला, तर ‘म्हणजे तुम्हाला हे पटलेले नाही का?’ असे तो चटकन म्हणाला. माझे इंग्रजी चुकले का?

उत्तर : भारतातील कोणत्याही वर्गात हे वाक्य म्हटले, तर शिक्षक तुमचे शंकानिरसनच करतील. भारतीय इंग्रजीत ‘डाउट’चा ‘न समजलेला मुद्दा’ हा अर्थ पुरता रुळलेला आहे आणि त्याला सरसकट चूक म्हणणे मला रास्त वाटत नाही. त्यामागे आपली ‘शंका’ आहे. शंका विचारली तर तो प्रश्न असतो, घेतली तर अविश्वास असतो आणि आली तर बहुधा संशय असतो. ब्रिटिश किंवा अमेरिकी माणसाला मात्र ‘डाउट’मध्ये अविश्वासच आधी ऐकू येतो, त्यामुळे आपली मांडणीच तुम्हाला खरी वाटत नाही, असा तुमच्या सहकाऱ्याचा समज झाला असणार. त्याच्याशी बोलताना ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे, एवढेच.

खरा घोटाळा होतो तो क्रियापदात, आणि तिथे मात्र जपायलाच हवे. ‘त्यानेच पैसे घेतले असावेत, असा मला डाउट आहे’ असे आपण मराठीत बोलतो, तेव्हा त्याने ते घेतले याकडेच आपला कल असतो. तेच इंग्रजीत ‘आय डाउट ही टुक द मनी’ असे सांगितले, तर ‘त्याने पैसे घेतले असतील असे मला वाटत नाही’ असा नेमका उलटा अर्थ होतो आणि ज्याच्याकडे बोट दाखवायचे, त्यालाच आपण निर्दोष ठरवून मोकळे होतो. इथे ‘सस्पेक्ट’ हेच क्रियापद हवे.

‘डाउट’ हा शब्द लॅटिनमधील ‘दुबितारे’वरून जुन्या फ्रेंचमार्फत इंग्रजीत आला, त्याच्या स्पेलिंगमधले मुके ‘बी’ त्या लॅटिन मुळाकडे पाहून मागाहून घातलेले आहे. मध्ययुगीन इंग्रजीत त्याला भीतीचाही अर्थ होता. संस्कृतातही ‘शंका’ म्हणजे भीती, म्हणून तर ‘निःशंक’ म्हणजे निर्भय. इतक्या दूरच्या दोन शब्दांचे हे साम्य मला फार मोलाचे वाटते.

जाता जाता ‘नो डाउट’विषयीही सांगतो. त्याचे भाषांतर आपण ‘निःसंशय’ असे करतो, पण ‘नो डाउट यू आर टायर्ड’ म्हणजे ‘तुम्ही दमला असालच’. त्यात खात्रीपेक्षा अंदाजच अधिक असतो.