'द बॅलड ऑफ बस्टर स्क्रग्ज' आवडणारे आणि न आवडणारे, दोघंही इतके ठाम का?

मला वाटतं, पहिल्या गोष्टीमुळे. कोएन बंधूंच्या या २०१८ च्या चित्रपटात सहा स्वतंत्र वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकन पश्चिमेतल्या, गोष्टी आहेत. पहिलीत गाणारा बंदूकबाज हसत-गात माणसं मारतो, आपणही हसतो. पुढेही असंच चालेल म्हणून बसलेले लोक तिसऱ्या गोष्टीत हबकतात.

(पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.)

त्यात हात-पाय नसलेला तरुण गावोगावी कवी शेलीची कविता आणि लिंकनचं भाषण म्हणून दाखवतो. प्रेक्षक आटतात. मालक गणितं सोडवणारी कोंबडी विकत घेतो. मग पुलावर थांबून एक मोठा दगड नदीत टाकून बघतो. पुढच्या दृश्यात गाडीत फक्त कोंबडी! माझ्या घरात त्यानंतर कोणी बोललंच नाही.

अनेकांना हा क्रूरपणा वाटतो. अमेरिकेतले मूलनिवासी या चित्रपटात फक्त हल्लेखोर म्हणून येतात, ही तक्रार तर मलाही पटते. तरी माझ्या मते ही तिसरी गोष्टच सगळ्यात अस्सल आहे. एका बैठकीत सहाही बघू नका, रोज एक बघा.