तुमचे प्रश्न : जत्रेतला स्टॉल लेकरांचाच असू द्या

या वेळी आलेली पत्रं बघून फार बरं वाटलं. चार पत्रं घेतोय, चारी मराठवाड्यातली अन् चारीत विषय एकच, लेकरांनी केलेली शेती अन् पाळलेलं जनावर लोकांपुढं कसं न्यायचं. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण त्यात जिवंत जनावर आहे.

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही लोहा तालुक्यातले. गावात सातवी ते अकरावीच्या बारा पोरापोरींचा शेती गट केलाय. यंदा माळेगावच्या जत्रेत पशुप्रदर्शनाला घरचीच लाल कंधारी जातीची कालवड पोरांच्या हातून न्यायची आहे, सोळा महिन्यांची आहे. तयारी कशी करावी?

उत्तर : दादा, आधी कॅलेंडर काढा. माळेगावची खंडोबाची जत्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास भरते, म्हणजे डिसेंबर नाहीतर जानेवारी, आणि कालवडीची तयारी अडीच-तीन महिने आधी सुरू करायची, दसरा झाला की लगेच. जत्रेच्या आदल्या आठवड्यात कालवड धुऊन टेम्पोत चढवली की झालं असं समजणारे लोक खूप बघितलेत मी आणि मग तिथं घोडे, उंट, गाढवं, लाऊडस्पीकर, येळकोटाचा गजर, भंडाऱ्याची उधळण हे सगळं एकदम अंगावर आलं की गोठ्याबाहेर कधी न गेलेलं जनावर बुजतं, आणि त्याच्या कासऱ्याला तेरा वर्षांचं लेकरू असतं.

म्हणून पहिला महिना फक्त सवयीचा. मोरकी (तोंडाला बांधायची दोरी) घाला, आणि रोज संध्याकाळी एकाच पोरानं किंवा पोरीनं तिला फिरवायचं, दोघांनी आळीपाळीनं चालेल पण बाराजणांनी नाही, जनावर माणूस ओळखतं. आधी वाडग्यात, मग पांदीनं, मग बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेनं. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच सगळ्यांच्या डोक्यात बसवा, कासरा हाताला गुंडाळायचा नाही, घडी करून मुठीत धरायचा. जनावर उधळलं तर मूठ सोडता येते, गुंडाळलेला हात सोडता येत नाही. हे मी दहा वेळा सांगतो, तुम्ही वीस वेळा सांगा.

रोज खरारा करा, त्यानं चमक येते, तेल चोपडून येते ती चमक नाही. खुरं वाढली असतील तर महिनाभर आधी डॉक्टरांकडून किंवा जाणत्या माणसाकडून नीट करून घ्या, आदल्या दिवशी कापली तर लंगडते. कानात बारा अंकी बिल्ला आहे का बघा, लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस कधी झाली ते लिहून ठेवा, राहिली असेल तर जत्रेच्या निदान महिनाभर आधी द्या कारण लस अंगी लागायला दिवस लागतात. 2022 ला लम्पीनं आपल्याकडचे जनावरांचे बाजार बंद पडले होते, विसरायची गोष्ट नाही ती.

आता वजन. वजनकाटा नसला तरी टेप असतो ना? पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून मागं शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, येईल ते अंदाजे वजन किलोत. घेर 50 अन् लांबी 45 असेल तर साधारण 170 किलो. दर पंधरा दिवसांनी पोरांनी स्वतः मोजायचं, वहीत तारीख टाकून लिहायचं, सोबत चारा-पेंड किती घातली अन् खर्च किती झाला तेही. ही वही कालवडीच्या शेजारी ठेवायची. माझ्या दृष्टीनं तुमच्या स्टॉलवरची सगळ्यात भारी वस्तू ती वहीच असणार.

आणि कुणी विचारलं की ही लाल कंधारी कशावरून, तर उत्तर लेकरानं द्यायचं, तुम्ही मागं उभं राहा. रंग गडद लाल, फिकट तांबड्यापासून पार तपकिरीपर्यंत जातो, वळू गाईपेक्षा काळपट, डोळ्यांभोवती काळसर कडा, कान लांब अन् लोंबते. शेजारी देवणी जातीची गाय बांधलेली असेल तर तिचे तीन प्रकारही सांगता यायला हवेत. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके ती शेवरा, सगळी पांढरी ती बालंक्या, अंग पांढरं अन् तोंड काळं ती वानेरा. कंधार अन् देवणी ही आपल्याच मुलखातली तालुक्याची गावं, त्यांच्या नावानं जाती ओळखल्या जातात हे लेकराला सांगताना छाती फुगली पाहिजे.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, गेवराई तालुका. तिनं परसबागेत वांगी लावून स्वतः वाढवली अन् प्रदर्शनात मांडली. पहिला नंबर मात्र एका विकत आणलेल्या थर्माकोलच्या मॉडेलला दिला. मोबाईलवर तिनं अमेरिकेतल्या जत्रेचा व्हिडिओ बघितला, तिथं सगळ्याच मुलांच्या हातात रिबिनी होत्या. ती विचारते, तिथं सगळेच कसे जिंकतात?

उत्तर : ताई, मुलीला सांगा, तिथं सगळे जिंकत नाहीत, तिथं मोजायची पट्टीच वेगळी आहे. व्हिडिओत दिसली ती बहुतेक फोर-एच क्लबची मुलं. डोकं, हृदय, हात अन् आरोग्य या चार इंग्रजी शब्दांचं पहिलं अक्षर एच, त्यावरून ते नाव, आणि खूण म्हणजे चार पानांची हिरवी पत्ती. 1902 मध्ये ओहायो राज्याच्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा अधीक्षकांनी गावाकडच्या मुलामुलींचा एक क्लब काढला, मका, भाजीपाला, मातीची तपासणी असली कामं मुलांना दिली. त्या काळात तिथले मोठे शेतकरी विद्यापीठाचं नवं काही ऐकायला पटकन तयार नसायचे, पण पोरानं घरच्या तुकड्यात करून दाखवलं की बाप बघायचा (हे वाचून आपल्याकडचे किती बाप आठवले मला). 1914 च्या कायद्यानं कृषी विस्ताराला सरकारी पाया मिळाला अन् हे क्लब त्याला जोडले गेले.

तिथं बऱ्याच ठिकाणी मुलांची एकमेकांशी तुलना करत नाहीत, ठरलेल्या दर्जाशी करतात. उत्तम असेल तर निळी रिबीन, चांगलं पण सुधारायला जागा आहे तर लाल, बरंच काम बाकी आहे तर पांढरी. दहाच्या दहा मुलांचं काम उत्तम असेल तर दहा निळ्या. मग त्या निळ्यांतून एखादा सगळ्यात वरचा निवडतात. आणि पुष्कळदा परीक्षक मुलाला समोर बसवून विचारतो, हे तू कसं केलंस, कुठं अडलं, पुढच्या वेळी काय बदलशील. विकत आणलेलं मॉडेल तिथंच उघडं पडतं ताई, दुसऱ्याच प्रश्नाला.

तुमच्या मुलीवर अन्याय झाला, स्पष्ट सांगतो. पुढच्या वर्षी आयोजकांना आधीच भेटा अन् एवढंच मागा की प्रत्येक मुलाला दोन मिनिटं प्रश्न विचारा. वांगी मांडताना सगळ्यात मोठं नका निवडू, पाच निवडा, एका मापाची, एका रंगाची, देठ शाबूत असलेली. एक मोठं वांगं नशिबानं येतं, पाच सारखी यायला निगा लागते.

प्रश्न : औसा तालुक्यातल्या शाळेत मी शिक्षक आहे. मुलांना सोयाबीनची उगवण चाचणी लोकांसमोर करून दाखवायची आहे. पाठ केलेलं भाषण विसरतात, मधेच थांबतात. काय करावं?

उत्तर : सर, भाषण काढूनच टाका. हातात काम द्या, तोंड आपोआप चालतं. आठ मिनिटं पुरेत. दोन मुलं घ्या, एकानं ओलं गोणपाट पसरायचं अन् दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे ठेवायचे, दुसऱ्यानं सांगत राहायचं की वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं. आता उगवायला सहा-सात दिवस लागतात, लोक काही थांबणार नाहीत, म्हणून आठवडाभर आधी भरलेली गुंडाळी तयार ठेवा अन् ती तिथं उघडा. चांगले कोंब मुलांनी मोजायचे नाहीत, पुढं बसलेल्या एखाद्या आजोबांना बोलवा अन् त्यांना मोजायला लावा. सत्तर निघाले तर एकरी 30 किलो बियाणं, कमी निघाले तर त्या हिशेबानं जास्त. दुसरी एक गुंडाळी उंचावरून आपटलेल्या बियाण्याची करा, सोयाबीनची साल पातळ असते, आपटलं की उगवण घटते, हे सांगून पटत नाही पण दोन गुंडाळ्या शेजारी उघडल्या की ट्रकमधून पोती फेकणारा माणूससुद्धा गप्प होतो.

फक्त वेळ बघा. हे पेरणीच्या आधी दाखवायचं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा 18 मे ला, स्थापना दिनाला असतो, तोवर तयार ठेवा, आणि गावात कृषी कॉलेजचे कृषिदूत-कृषिकन्या आले असतील तर त्यांच्यापुढं आधी एकदा करून घ्या. मुलं आपल्या बोलीतच बोलू द्या, ‘बगा काका’ म्हणाली तर दुरुस्त करू नका.

प्रश्न : मी परंड्याचा, नववीत आहे. माझा उस्मानाबादी बोकड प्रदर्शनात नेणार आहे. वडील म्हणतात तिथंच चांगला भाव येईल, विकून टाकू. मी त्याला दोन महिन्यांचा असल्यापासून वाढवलंय. मला काय करावं कळत नाही.

उत्तर : बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला वाईट वाटतंय त्यात काही चूक नाही, लाजायचं तर अजिबात नाही. त्या अमेरिकेतल्या जत्रांतही शेवटी लिलाव असतो अन् वर्षभर वाढवलेलं जनावर देताना तुझ्याएवढी पोरं त्याच्या गळ्यात पडून रडतात, पण त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं की हे विकायचं आहे. तुला कुणी आधी सांगितलं नाही, खरं दुखणं ते आहे, आणि हे मी तुझ्या वडिलांनाही सांगतो, दादा, लेकराला जत्रेच्या तोंडावर नका सांगू, जनावर हातात देतानाच सांगत जा.

घरात पैशाची गरज असेल तर ते वडिलांनी तुला खरं खरं सांगावं, तू नववीत आहेस, तुला कळेल. आज संध्याकाळी वही घेऊन वडिलांजवळ बस. बोकड आणला तेव्हाची किंमत, चारा, लस, जंताचं औषध सगळं मांड, आज किती वजन आहे ते लिही. विकायचंच ठरलं तर भाव तुझ्यासमोर ठरेल अन् आलेल्या पैशातून एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, तुझ्या नावानं घ्यायची, हे आधी कबूल करून घे. उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी देते. आणि ठेवायचं ठरलं तर पैदाशीसाठी ठेवता येईल का ते जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून विचार, चांगल्या बोकडाला गावात मागणी असते. काय ठरलं ते मला कळव, मी वाट बघतोय.