अहीथोफेलची मसलत चांगली होती, तरी ती का मोडली?

तुमचा प्रश्न असा: बायबलमधल्या नीतिसूत्रांचा १५वा अध्याय म्हणतो की सल्लागार पुष्कळ असले की बेत तडीस जातात, आणि १९वा म्हणतो की माणसाच्या मनात बेत कितीही असोत, टिकतो तो परमेश्वराचाच संकल्प. मग चार शहाण्यांना विचारायचं तरी कशाला?

नुसती वचनं समोरासमोर ठेवून हा तिढा सुटणार नाही. त्यापेक्षा बायबलमधल्याच २ शमुवेल या पुस्तकाचे १५ ते १७ हे अध्याय सलग वाचा.

अबशालोमने बापाविरुद्ध, म्हणजे इस्राएलचा राजा दावीद याच्याविरुद्ध, बंड केलंय. दावीद यरुशलेम सोडून अनवाणी, डोकं झाकून, रडत जैतुनांच्या डोंगराची चढण चढतोय. अशात कळतं की त्याचा सल्लागार अहीथोफेलही बंडात सामील झालाय. त्याचा सल्ला म्हणजे जणू देवाला कौल लावून मिळालेलं उत्तर, असा त्या माणसाचा लौकिक. दावीद एका ओळीची प्रार्थना करतो: परमेश्वरा, अहीथोफेलची मसलत फोल ठरव. माथ्यावर पोचतो तर समोर हूशय उभा, अंगरखा फाटलेला, डोक्यावर धूळ. दावीद या मित्राला सोबत नेत नाही. अबशालोमच्या दरबारात शिरून ती मसलत मोडून काढ, असं सांगून शहरात परत पाठवतो. शिवाय याजकांच्या मुलांमार्फत निरोप कसे धाडायचे तेही ठरवून देतो. आधी प्रार्थना, लगेच हेर! मला यात अविश्वास अजिबात दिसत नाही.

दरबारात अहीथोफेल म्हणतो, १२,००० माणसं द्या, आज रात्रीच निघतो, दावीद थकलेला असताना त्याला गाठतो आणि एकट्या राजाला मारतो. बिनतोड बेत. हूशय उलट सांगतो की दावीद पिल्लं हिरावलेल्या अस्वलिणीसारखा चवताळलेला असेल. दानपासून बैर-शेबापर्यंतचं सगळं इस्राएल गोळा करा आणि स्वतः लढाईला चला. अबशालोमला हेच पटतं. मानी माणसाला पटावं असंच ते रचलेलं होतं.

१७:१४ मध्ये कथा सांगणारा म्हणतो की अहीथोफेलची चांगली मसलत मोडावी हे परमेश्वराने ठरवलं होतं. तो तिला ‘चांगली’च म्हणतो! आणि तो संकल्प सिद्धीस नेणारे कोण, तर एक बोलका मित्र, निरोप पोचवणारी एक दासी, आणि बहूरीम गावातली एक बाई, जिने दोन निरोप्यांना विहिरीत लपवून वर पांघरूण घातलं आणि त्यावर धान्य पसरलं.

दावीदाचा नातू राजा रहबाम याची गोष्ट (१ राजे १२) याहून अवघड आहे. वडीलधाऱ्यांनी लोकांपुढे नमतं घ्या म्हटलं, त्याने बरोबरीच्या तरण्यांचं ऐकलं आणि राज्य दुभंगलं. हे परमेश्वराकडून झालं असंही शास्त्र म्हणतं, पण म्हणून रहबाम निर्दोष ठरत नाही. दोन्ही गोष्टी तिथे शेजारीशेजारी उभ्या आहेत, आणि त्यांतली एक पुसून टाकणं मला अप्रामाणिक वाटतं.

शास्त्राचा राग आहे तो देवाला वगळण्यावर. यशया ३० मध्ये यहूदाचे लोक मिसरचा आसरा घ्यायला निघालेत, आणि दोष हा की परमेश्वराला विचारलंच नाही. यहोशवा ९ मध्ये जवळच राहणारे गिबोनी लोक वाळक्या भाकरी आणि फाटके बुधले दाखवून लांबून आल्याची बतावणी करतात. इस्राएलची माणसं शिदोरी तपासतात, देवाला विचारत नाहीत आणि तह करून फसतात.

याच्या उलट निर्गम १८ बघा. सल्ला देणारा इथ्रो हा इस्राएलांचा पुढारी मोशे याचा सासरा, पण मिद्यानी याजक, म्हणजे इस्राएलाबाहेरचा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करतोय हे पाहून तो म्हणतो, तू दमशील आणि हे लोकही दमतील, कामं वाटून दे. पण पुढे जोडतो की हे तू केलंस आणि देवानेही तशी आज्ञा दिली, तर तुझा निभाव लागेल. मोशेने सासऱ्याचं सगळं ऐकलं आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले.