आधी शाळा की आधी पगार?

इथे विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: गरिबीमुळे शिक्षण होत नाही, शिक्षण नाही म्हणून काम मिळत नाही, काम नाही म्हणून पुन्हा गरिबी. मग हे चक्र नेमकं तोडायचं कुठे, आणि त्यात आपल्या हातात काय आहे? इथे आलेल्या बहुतेक उत्तरांचा सूर "शिक्षणापासून" असा आहे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात मी बरीच वर्षं संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवतो, तेव्हा शिक्षणाच्या बाजूने बोलणं मला सोपं आहे. पण माझं मत तसं नाही. घरात दर महिन्याला ठरलेले पैसे आले की मुलं शाळेत टिकतात. ते थांबले की चांगली चाललेली मुलंही गळतात. म्हणून मी सुरुवात कमाईच्या खात्रीपासून करेन.

आमच्या भागात हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलंय. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल, भंडारी अशा कापड मिलांच्या भोंग्यावर शहराचा हा भाग उठायचा आणि झोपायचा. साचेखात्यात म्हणजे मागांवर आणि कताईत अंगठा लावून पगार घेणारे कामगार पुष्कळ होते. पण पगाराची तारीख पक्की होती, आजारपणाला विमा दवाखाना होता, फंड कापला जायचा आणि अडीअडचणीला सोसायटीचं कर्ज मिळायचं. या अंगठेबहाद्दरांची मुलं मॅट्रिक झाली, आयटीआय करून फिटर झाली, बँकेत, वीज मंडळात, शाळांमध्ये लागली. बाप निरक्षर होता, तरी एका पिढीत घरात शिक्षण आलं.

मग मिला बंद पडत गेल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे २२४ कोटी रुपये द्यायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कित्येक कामगार गेले होते, पैसे वारसांच्या हाती पडले. मधल्या ३२ वर्षांत या वस्त्यांमध्ये काय झालं ते कोणालाही विचारा. थोरला मुलगा नववीतून उठून कापडाच्या दुकानात लागला, मुलीचं लग्न लवकर उरकलं, बाप कुठे चौकीदारीला नाहीतर हातगाडीवर. शाळा त्याच होत्या, मास्तर तेच होते, आणि आता तर आईबापांपैकी एकाला तरी लिहितावाचता येत होतं. गेला होता तो फक्त पगार. हेच लोक अनंत चतुर्दशीला वर्गणी गोळा करून आजही मिलांच्या झांक्या म्हणजे चित्ररथ काढतात, रात्रभर रस्त्यावर उभे राहतात. गरीब माणूस आळशी असतो असं एका उत्तरात लिहिलंय, ते वाचून वाईट वाटलं.

शिक्षण आणि मजुरीचं हे नातं आपल्या मराठीजनांना नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. पण गरीब शेतकऱ्याला गुरं राखायला आणि शेतात पोरांची गरज असते, म्हणून नुसत्या शाळा काढून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसंही द्यावी लागतील, हेही त्यांनी त्याच निवेदनात सांगितलं. बडोद्याचे सयाजीराव सक्तीच्या शिक्षणासाठी ओळखले जातात: १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग, १९०६ मध्ये सबंध राज्यात कायदा. त्याआधी, १८९० मध्ये, त्यांनी हाताचं कसब शिकवणारं कलाभवन काढलं होतं आणि १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा उभी राहिली, हे मात्र कोणी सांगत नाही. शाळा, कसब आणि भांडवल तिन्हींकडे एकाच वेळी बघणारा तो राजा होता.

आता आजची गरिबी बघू. सकाळी कुठल्याही मजूर चौकात जा. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून आलेली कुटुंबं, काही बुऱ्हाणपूरकडची मराठी बोलणारीही, ठेकेदाराची वाट बघत उभी असतात. मिस्त्री आधी उचलला जातो, मग बेलदार म्हणजे बिगारी, शेवटी रेजा म्हणजे बाई. दहा वाजून गेले की उरलेल्यांनी घरी जायचं, त्या दिवसाची हाजरी बुडाली.

आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने मला भिंतीवरचं किराणा दुकानाचं कॅलेंडर दाखवलं होतं. काम मिळालं त्या तारखेला गोल, नाही मिळालं तर फुली. जुलैच्या पानावर फुल्याच जास्त. त्याच महिन्यात धाकट्याला ताप आला, खासगी दवाखाना, रक्ताच्या तपासण्या, सलाईन. पैसे बचत गटाकडून उचलले, त्याचा हप्ता आठवड्याला. हप्ता थकू नये म्हणून मुलगी सकाळी दोन घरची भांडी घासायला जाऊ लागली आणि नववीतली तिची हजेरी तिथून तुटत गेली. तिच्या शाळेत काही कमी नव्हतं. गणितात ती वर्गात पहिल्या दोघींत होती.

आणि सरकारी मोजणीत ही आई बेरोजगार नाही. श्रमबळ पाहणीच्या नेहमीच्या हिशोबात वर्षभरात ३० दिवसांचं दुय्यम काम असलं तरी माणूस कामावर धरला जातो. म्हणून २०२३-२४ चा देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के दिसतो, पण १५ ते २९ वयाच्या तरुणांचा १०.२ टक्के. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बेकार बसणं गरिबाला परवडतच नाही, मिळेल ते तो करतो. वाट बघत थांबतात ती थोडी शिकलेली मुलं. इंदूरच्या भंवरकुआंला एमपीपीएससीच्या (राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या) क्लासेसभोवती खोल्या घेऊन राहणारी हजारो मुलं याच गटातली, आईबापांनी जमीन गहाण टाकून पाठवलेली. ती अडाणी नाहीत. त्यांच्या शिक्षणाला साजेशी कामं पुरेशी नाहीत, आणि इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलं तर उद्याची शाश्वती नाही. तेव्हा "शिक्षण नाही म्हणून काम नाही" ही तुमच्या साखळीतली कडी मला कच्ची वाटते.

निरक्षरतेबद्दल थोडंच. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात साक्षरता सुमारे ६९ टक्के, बायकांमध्ये जेमतेम ५९. आज मुलांची नावं पटावर असतात, तरी मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशभरच्या खेड्यांतल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचं पुस्तक वाचता येणारी निम्म्याहून थोडी कमीच निघाली. शाळेत पाठवणं आणि वाचायला येणं यात एवढं अंतर आहे. लोकसंख्या हेच मूळ, असं म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) बघावी. जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, देशाचाही २.० आणि मध्य प्रदेशाचाही २.० वर आलाय.

मग उपाय काय? माझ्या लेखी पहिला, मजुराच्या कमाईचं आणि आजारपणाचं छत्र. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकरही घेतला जातो. पण बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंद व्हायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा, आणि रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या रेजेला तो देणार कोण? ही एक अट चौकातल्या नोंदीवरून भागवली तरी पुष्कळ घरं आत येतील. आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण दवाखान्यात भरती झाल्यावर. साधा ताप, तपासण्या, रोजची औषधं बाहेरच राहतात, आणि कर्ज होतं ते नेमकं यातूनच. वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर आणि औषध मिळालं, तर माझ्या मते त्याने जेवढी मुलं शाळेत टिकतील तेवढी कुठल्याही साक्षरता फेरीने टिकणार नाहीत.

दुसरा उपाय नववीचा. शिक्षण हक्काचा कायदा ६ ते १४ वयापुरता आहे, आठवीपर्यंत. बालमजुरीची सरसकट बंदीही १४ पर्यंतच, पुढे फक्त धोक्याच्या कामांना मनाई. म्हणजे ज्या वयात पोराची कमाई घराला दिसायला लागते, त्याच वर्षी कायदा हात सोडतो. फुल्यांनी सांगितलेली मदत इथे हवी: नववी ते बारावी, हजेरीप्रमाणे, दर महिन्याला, आईच्या खात्यात. आणि कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना गावाजवळच वसतिगृह.

कौशल्याचे तीन-तीन महिन्यांचे कोर्स मी पाहिलेत, प्रमाणपत्र मिळतं, काम मिळत नाही. त्यापेक्षा आयटीआय आणि नंतर कारखान्यात रीतसर अप्रेंटिसशिप कितीतरी बरी. तिच्यासाठी १९६१ चा कायदा आहे आणि त्यात विद्यावेतन मिळतं.

आपल्या हातात काय, असंही तुम्ही विचारलंय. ओळखीत सरकारी किंवा अनुदानित शाळेतलं सातवी-आठवीचं मूल असेल, तर त्याला राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. परीक्षा आठवीत असते, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. तयारी दोन पेपरांची, एक बुद्धिमापनाचा आणि एक शालेय विषयांचा. बुद्धिमापनाचे प्रश्न शाळेत शिकवत नाहीत, ते रोज अर्धा तास बसून करून घ्यावे लागतात. मुलं अभ्यासात कमी पडतात त्याहून जास्त कागदांपायी राहतात, म्हणून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि मुलाच्या नावाचं आधार जोडलेलं खातं सातवीच्या सुट्टीतच करून ठेवा. आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः एकसारखं आहे ना, तेही तेव्हाच तपासा.