बिलावरचे दोन शब्द

प्रश्न : रात्री भिंतीतला पाण्याचा पाइप फुटला. सकाळपर्यंत लाकडी फरशी फुगून वर आली, शेजारच्या खोलीतलं कपाट भिजलं. विमा कंपनीने क्लेम नाकारला. कारण, ‘हळूहळू झालेली गळती पॉलिसीत येत नाही.’ आता फोन करून म्हणतात, थोडी रक्कम देतो, कागदावर सही करा. वकील करावा का? कागदपत्रं सोबत पाठवली आहेत.

उत्तर : आधी सही थांबवा. अशा कागदावर बहुधा ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असतात. एकदा सही झाली की उरलेल्या रकमेसाठी भांडणं फार अवघड.

तुमचे कागद पाहिले. प्लंबरच्या बिलावर घाईघाईत लिहिलंय, ‘जुनी गळती काढली.’ नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने तेच शब्द अहवालात उचललेत. माझ्या मते क्लेम तिथेच अडकलाय. म्हणून बिल बदलून मागू नका हं, खोटेपणा ठरला तर असलेली बाजूही जाईल. प्लंबरला फक्त विचारा, जुनं काय होतं, पाइप की गळती? पाइप जुना असून त्या रात्रीच अचानक फुटला असेल, तर त्याने तसं वेगळ्या कागदावर लिहून द्यावं. आणि तो फुटका तुकडा टाकून दिला नाही ना? चिरेची कड ताजी, चकचकीत आहे की गंजून काळी पडलीय, यावरून जाणकाराला बरंच कळतं. पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवा.

नुकसान पॉलिसीच्या मुदतीत झालं आणि ते पॉलिसीत बसतं, हे तुम्ही दाखवायचं. पण अपवादाचं कलम, म्हणजे कशाची भरपाई मिळणार नाही ते सांगणारं कलम, लागू होतं, हे सिद्ध करणं साधारणपणे कंपनीकडे असतं. कलमाचे खरोखर दोन अर्थ निघत असतील तर मसुदा ज्याने केला त्याच्या विरुद्ध अर्थ घ्यायचा, हाही जुना नियम.

खरा वाद कारणाचा आहे. एक जुना ब्रिटिश खटला पाहा. ‘इकारिया’ जहाजाला 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्सच्या ल हाव्र बंदराजवळ टॉर्पेडो लागला. जहाज बंदरात पोचलं, वादळात धक्क्यावर आपटू लागलं म्हणून हलवलं, आणि नव्या जागी भरती-ओहोटीत टेकत-उचलत शेवटी बुडालं. विमा समुद्री धोक्यांचा होता, युद्ध वगळलेलं. 1918 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, खरं कारण टॉर्पेडोच, मालक हरला. शेवटी काय घडलं यापेक्षा मुळात कशामुळे घडलं ते पाहिलं गेलं. तुमच्याकडे मूळ कारण अचानक फुटलेला पाइप, असं म्हणून हाच मुद्दा तुमच्या बाजूने वापरता येईल, मात्र पाइप आधीपासून झिरपत असेल तर तो उलटेल. वकिलापासून हे लपवू नका. आम्हा वकिलांचे निम्मे खटले अशिलाने न सांगितलेल्या गोष्टीवर आपटतात, असं मी चिडून म्हणते.

वकील कराच, पण आधी एका भेटीचीच फी ठरवा. पॉलिसी पूर्ण न्या, मागे जोडलेल्या, अटींतले फेरबदल सांगणाऱ्या पानांसकट. तोंडी नकाराला अर्थ नाही, त्यामुळे कोणत्या कलमाने नाकारलं ते लेखी मागायला आणि सर्व्हेअरचा पूर्ण अहवाल मिळवायला वकिलाला सांगा. वकिलाच्या एका नेमक्या पत्राने फाइल पुन्हा उघडल्याचं मी पाहिलंय. दावा दाखल करायची शेवटची तारीख कोणती, हे त्यांना पहिल्याच भेटीत विचारा. फोनवर बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबून राहील असं धरू नका.